माथ्यावरचा झरा

"हे कुणाला सांगून पटायचं नाही," पोस्टमनच्या हनुवटीखाली वस्तरा टेकवत न्हावी म्हणाला, "पण त्या रात्री अख्ख्या डोंगरावर माणूस म्हणावा असा मी एकटाच. आणि वारा कसला, तर तंबूचे दांडे धनुष्यासारखे वाकवणारा."

पोस्टमनने "हं" केलं. वस्तरा गळ्याशी असताना कुणीही याहून जास्त बोलत नाही. न्हाव्याच्या गोष्टींवर उभ्या जन्मात कुणी शंका काढली नव्हती, त्यातलं निम्मं श्रेय त्या वस्तऱ्याचंच होतं. पण आज त्याचं लक्ष गिऱ्हाइकावर नव्हतं. आरशात मागचा बाक दिसत होता आणि बाकावर सून आपली सॅक भरत बसली होती. तिच्या गळ्याशी वस्तरा नव्हता.

पडद्यामागेच घर. दुकानात उजेड चांगला म्हणून ती सामान घेऊन बाहेर आली होती. उद्या पहाटे ती त्याच डोंगरावर निघणार होती, एका रात्रीसाठी, एकटी. अशी ती अधूनमधून जायची. परत आली की "छान होतं" म्हणायची आणि कपडे भिजत घालायची. एवढा डोंगर पालथा घालून आलेलं माणूस दोन शब्दांत आटोपतं, हेच न्हाव्याच्या पचनी पडत नव्हतं. त्यात काय एवढं, मीही जाऊन येईन, असं तो भर दुकानात बोलून बसला, आणि मग गिऱ्हाइकांनी त्याची पाठ सोडली नाही. शेवटी गेल्या आठवड्यात तिचीच सॅक, तिचाच तंबू पाठीवर टाकून तो गेला. डोंगरात कसला फोन, म्हणत फोनही घरी ठेवून गेला.

गेला म्हणजे पायथ्याच्या जरा वरपर्यंत गेला. झाडी दाट झाली, ऊन उतरलं, आणि झुडपाआड कुणीतरी म्हाताऱ्यासारखं खोकलं. ती शेळी होती. हे त्याला कळलं ते खाली बसथांब्याच्या शेडमध्ये पोहोचल्यावर, कारण शेळीही त्याच्या मागोमाग उतरून आली होती. रात्र त्याने तिथल्या बाकावर काढली. तंबूची पिशवी उशाला घेतली. ती मऊ लागली, कुठे काही टोचलं नाही, तेवढंच काय ते सुख. सकाळी घरी जाण्याआधी त्याने खाली वाकून बुटांना चिखल चोपडला. शेळी बघत होती. तिच्याकडे काही त्याला मान वर करून बघवलं नाही.

"झोप लागली का पण?" गाल बदलायच्या फटीत पोस्टमनने विचारून घेतलं.

"कसली झोप? तारे एवढे खाली आलेले की कूस बदलायची सोय नाही."

"बाबा," मागून सून म्हणाली, "वर पाणी कुठे मिळालं तुम्हाला?"

आजवर तिने एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. न्हावी फुलून आला.

"माथ्याच्या जरा खाली, डाव्या अंगाला. झरा आहे. बारमाही. साखर फिकी पडेल असं पाणी."

"बरं झालं सांगितलंत." तिने सॅकमधून भरलेल्या दोन मोठ्या बाटल्या काढल्या आणि आरशापुढच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी ठेवल्या. "मग हे ओझं कशाला वाहायचं उगीच?"

वस्तरा गालावर थांबला. आरशात त्या दोन बाटल्यांच्या चार दिसत होत्या.

"तसा झरा लहान आहे," न्हावी म्हणाला.

"असू दे. बाटली भरली की झालं."

"भरेलच असं नाही. थेंब थेंब येतं."

"बारमाही म्हणालात ना?"

"थेंब बारमाही."

पोस्टमन हसायला गेला आणि वस्तऱ्याच्या आठवणीने थांबला.

"शिवाय तिथे रानडुक्कर येतं," न्हाव्याने फेसाळ हात पसरून दाखवला. "एवढं. त्याच पाण्यात लोळतं."

"आणि तुम्ही तेच पाणी प्यायलात?"

"ते यायच्या आधी."

"मग मीही आधीच पिईन," सून म्हणाली, आणि तिने सॅकची चेन ओढायला घेतली.

चेनीचा आवाज दुकानभर झाला. न्हाव्याने पुसलेला वस्तरा पुन्हा पुसला. वर पाणी आहे की नुसते दगड, याचा त्याला पत्ता नव्हता. उद्या दुपारी ही पोर त्याच्या शब्दावर कोरड्या घशाने डाव्या अंगाला झरा शोधत फिरणार होती. त्याचे कान तापले. आरशाच्या धंद्यात हीच मोठी अडचण आहे, तोंड लपवायला जागा नसते.

त्याने वस्तरा खाली ठेवला. दोन्ही बाटल्या उचलल्या आणि अर्ध्या फेसातला पोस्टमन तसाच खुर्चीत सोडून तो बाकापाशी गेला.

"ने गं या," तो हळूच म्हणाला. "झऱ्याचं काही सांगता येत नाही. मी अंधारात पाहिला."

सुनेने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग चेन पुन्हा उघडली. आत, सगळ्यांत वर, दोन बाटल्यांपुरती जागा तिने रिकामीच ठेवली होती. बाटल्या तिथे नेमक्या बसल्या.

ती पडद्याआड गेली आणि दोरीने बांधलेला लांबट जुडगा घेऊन आली. तो सॅकच्या कडेला सरकवून तिने पट्टा आवळला.

"तुम्ही गेलात त्या रात्री जरा वारा सुटला की मी उठून बसत होते," पट्ट्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "म्हटलं, नुसतं कापड अंगावर घेऊन कसे झोपले असतील. तंबूचे दांडे तर घरीच राहिले होते, बाबा. गच्चीत वाळत."