पाचव्या गाण्यातली रिकामी जागा

डर्बनमध्ये संगीत समीक्षक ह्लोबिसिलेच्या लेखणीला भले भले डीजे टरकून असत. क्वामाशू वस्तीतल्या साखिलेचा पहिलावहिला अल्बम तिनं रविवारच्या अंकात पार सोलून काढला. क्लबात नाचायच्या ग्कोमचे ढोल, झुलू लोकगीतांच्या मस्कांदीची गिटार, चॅट्सवर्थच्या तमिळ देवळातला नादस्वरम, चर्चची भजनं, सगळं एकाच पातेल्यात ओतलेलं. हा स्वयंपाक नव्हे, खरकट्याची बादली आहे, असं तिनं लिहिलं. पाचव्या गाण्यावर तर तिचा विशेष राग. मध्येच सूर गायब आणि मिनिटभर नुसता ठेका. पोराचं डोकं इथं चालेनासं झालं, हा तिचा निकाल.

गुरुवारी अकराला संगीत महोत्सवाच्या निवड समितीची बैठक होती आणि तिथं तिचाच शब्द शेवटचा. ती नाही म्हणाली की साखिलेचं नाव कटलं, आणि ती नाहीच म्हणणार होती.

गाडी दुरुस्तीला टाकलेली, म्हणून त्या सकाळी ती क्वामाशूहून मिनीबस टॅक्सीत बसली, पंधरा जणांत दाटीवाटीनं. चालक म्बेकेनीनं नेमका तोच अल्बम लावला. या गावात गाणं आधी टॅक्सीत पास व्हावं लागतं, मग इतरांकडे जातं. हे तिला ठाऊक होतं, पण गेली सहा वर्षं ती टॅक्सीत बसलीच नव्हती. मागच्या दोन रांगांत चर्चच्या गुरुवारच्या प्रार्थनेला निघालेल्या बायका होत्या, लाल पोलकी आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या.

पाचवं गाणं आलं. सूर गेला, ठेका उरला. आणि मागून एका म्हातारीनं भजनाचा सूर उचलला. बाकीच्यांनी मांडीवरच्या भजनांच्या पुस्तकांवर थापा मारत तो झेलला. ठेका त्या थापांच्या अगदी मापाचा होता. म्बेकेनीनं गाडी हाकता हाकता खालचा सूर धरला. ह्लोबिसिलेच्या अंगावर सरसरून काटा आला. असलं काही तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. मिनिट संपताच नादस्वरम त्या बायकांच्या आवाजात असा येऊन मिसळला, की तिचे डोळे भरून आले.

तिनं मागं वळून विचारलं, "मा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? पोरानं आमच्यासाठी जागा ठेवलीय," म्हातारी म्हणाली. "पेपरातल्या त्या बाईला म्हणे ती रिकामी वाटली. एकटीच ऐकत बसली असेल बिचारी."

बिचारी मान खाली घालून बसली.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, मग साखिलेचं नाव काढायचं ना?  ह्लोबिसिलेनं पाचवं गाणं लावलं. सूर गेला, ठेका उरला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आपला आवाज घोगरा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि लोकांच्या गळ्यातल्या चुका काढण्यात तिची बारा वर्षं गेली होती. तिनं टेबलावर तळहात मारला आणि ती गायला लागली.