भिंगरीचा खरारा

खरारा बोलतोय मी. लोखंडी दातांचा, पाठीवर कातडी पट्टा असलेला, तबेल्यातल्या खिळ्यावर टांगलेला. घोड्याच्या अंगातली धूळ आणि गळलेले केस काढायचे, हे माझं काम. आमच्यावाचून घोडा चमकत नाही. पण शाबासकी कुणाला? घोड्याला आणि वर बसणाऱ्याला! असो. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, हे मलाही कळतं.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. घोड्यांची निगा राखणाऱ्या तात्या मोतद्दाराने बोटाने माझे दात तपासले. "जरा बोथट आहे. बरंच झालं, तिची कातडी नाजूक आहे." ती म्हणजे भिंगरी. तेव्हा नुसतं शिंगरू. पाय चार, पण चारही चार दिशांना. मला बघितलं आणि तिने लाथच झाडली. "अगं बाई, हा चावत नाही!" तात्या हसला. मग एक दिवस त्याला तिच्या मानेवर, आयाळीच्या खाली, डाव्या अंगाला एक जागा सापडली. तिथे मला गोल गोल फिरवलं की भिंगरीचे डोळे मिटायचे, खालचा ओठ लोंबायचा. मग कसली लाथ आणि कसलं काय!

मोठी झाल्यावर ती अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकली. घोड्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तात्या तिला माझ्याकडून लख्ख करून घ्यायचा आणि मला परत खिळ्यावर टांगायचा. तिकडे मिरवायला मालकीणबाईंचे कोरे करकरीत ब्रश जायचे. संध्याकाळी भिंगरी यायची ती लगामाला बक्षिसाची फीत लावून, अंगावर परकी माती घेऊन. ती माती मीच काढायचो. पण तिची उडी कधी दिसली नाही. फार वाटायचं, एकदा, एकदाच बघायला मिळावी.

आणि एका सकाळी तात्याने मला टांगलंच नाही, कोटाच्या खिशात टाकलं! मी मनातल्या मनात नाचलो. आज मलाच का घेतलं, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

काय ते मैदान! पांढरे रंगवलेले दांडे, छत्र्या, भोंगा, माणसांची ही गर्दी. भिंगरी मात्र बिथरली. भोंगा वाजला की मागे मागे सरायची. मालकीणबाई म्हणाल्या, "तात्या, आज असं करून नाही चालायचं. ते बघायला आलेत." ते म्हणजे कुंपणाला टेकलेले एक टोपीवाले गृहस्थ. पसंत पडली तर आजच तिला घेऊन जाणार होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात रीत आहे, घोडं विकलं की त्याचा जुना खरारा सोबत द्यायचा. नव्या तबेल्यात ओळखीचं काहीतरी हवं ना! म्हणून मला आणलं होतं.

तात्याने मला काढून त्याच जागी फिरवलं. मला वाटलं, तात्यासाठी तरी आज माझा गुण येऊच नये. पण भिंगरीचा ओठ लोंबलाच. "जा गं," तात्या म्हणाला, "नाव काढ."

खिशाच्या काठावरून मी बघितलं. भिंगरी धावत आली, अंग आवळलं आणि उठली. चार दिशांना जाणारे ते पाय चारही पोटाशी! दांडा हललासुद्धा नाही. तात्याने टाळी वाजवली नाही. खिशावर हात ठेवून हळूच म्हणाला, "बघितलंस?"

टोपीवाल्यांनी मान डोलावली. भिंगरीला गाडीत चढवताना त्यांनी विचारलं, "हिचा खरारा?"

"घरीच राहिला, साहेब. विसरलो बघा."

खिशात तात्याची मूठ माझ्यावर इतकी घट्ट होती, की माझे दात त्याच्या तळव्यात रुतले. विसरलेल्या माणसाची मूठ अशी नसते. मला ओरडून सांगायचं होतं, मी इथे आहे, मला जाऊ दे तिच्याबरोबर! पण दात असून काय उपयोग, जीभ कुठे आहे? गाडी सुटली तेव्हा भिंगरी आतून खिंकाळली.

आता तिच्या जागी दुसरा घोडा आहे, त्याला दुसरा खरारा. तात्या मला अधूनमधून खिळ्यावरून काढतो, माझ्या दातांत अडकलेले तांबूस केस बघतो आणि तसाच परत टांगतो. त्याच्यावर रागवू तरी कसा? त्याच्याजवळ तरी तिचं दुसरं काय उरलंय?

तुम्ही कधी घोड्यांच्या प्रदर्शनाला गेलात, आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली तांबूस घोडी भोंग्याला बिचकताना दिसली, तर तिच्या मोतद्दाराला एवढं सांगा. मानेवर, आयाळीच्या खाली, डाव्या अंगाला. गोल गोल. ओठ लोंबेपर्यंत.