वर्ना लाकास खोटं बोलली नव्हती

खटला आम्ही हरलो तो मेपलच्या हंगामामुळे.

वर्ना लाकासने फेब्रुवारीत फ्लूची लस घेतली. नर्सने सुई खांद्यात नको तितकी वर खुपसली आणि त्याच रात्री तिचा हात वर जाईना. शहाण्या माणसाने सकाळीच डॉक्टर गाठला असता. पण आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात मेपलच्या झाडांना रस सुटला की माणसाला मरायलाही सवड नसते. वर्ना एका हाताने भट्टीवर रस उकळून त्याचा पाक करत राहिली आणि एप्रिलमध्ये डॉक्टरने विचारल्यावर म्हणाली, "काही नाही हो, हंगाम जरा जड गेला." त्याने लिहून टाकलं: कामाचा ताण.

तिथेच आमचा घात झाला. दुखणं लसीनंतर लगेच सुरू झालं हे सिद्ध होत नाही, असं म्हणून दोन वर्षांनी वॉशिंग्टनच्या न्यायाधिकारी बाईंनी लसीच्या इजेची भरपाई नाकारली.

उरली माझी फी. लसीच्या या खटल्यांत वकिलाने अशिलाकडून एक डॉलरही घ्यायचा नसतो. पैसे सरकारी निधीतून मिळतात, हरलात तरी मिळतात. फक्त दावा प्रामाणिक हवा आणि त्याला काही आधार हवा. सरकारी वकील प्रेंडरगास्ट फोनवर नेमकं तेच धरून बसला.

"बाई, आधार होता कुठे? डॉक्टरचा कागद तुमच्याच विरुद्ध. आणि शेजाऱ्यांच्या जबान्या घ्यायला जाण्याचे बिलात बारा मैलांना तीन तास?"

"रस्त्यात चिखल होता."

"चिखलाचे पैसे सरकारने द्यायचे?"

"या ना एकदा एप्रिलमध्ये. तुमची गाडी रुतली की ट्रॅक्टर मी पाठवते."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "सत्तर टक्के घ्या. आकड्यावर दोघं सही करू. आधार होता की नव्हता, यावर कुणी काही लिहायलाच नको."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. तज्ज्ञ डॉक्टरची फी मी पदरची भरली होती, ऑफिसचं भाडं थकलं होतं. हे पैसे बुडले असते तर पाटी उतरवावी लागली असती. वर्नाने मला काही दिलं नाही, अशा कागदावर तिची सही लागत होती, म्हणून मी तिच्या भट्टीवर गेले. तिने सही केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला पैसे मिळणार, आणि मी खोटारडी ती खोटारडीच?"

"खोटारडी कुणी म्हटलंय तुला?"

"खरी आहे असं तरी कुणी म्हटलंय? पलीकडचा हॉलिस शपथेवर सांगून आला, लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मला बादली उचलवत नव्हती म्हणून. त्याला काय सांगू? तुझं बोलणं वकीलबाईंनी सत्तर टक्क्यांना विकलं?"

"वर्ना, मला भाडं भरायचंय गं."

"भर की. मी कुठे अडवलंय?" असं म्हणून तिने पाठ फिरवली.

मला तिचा भयंकर राग आला. तिचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. गाडीत बसूनच मी प्रेंडरगास्टला फोन लावला.

"सत्तर टक्के ठेवा तुमच्याकडे. मला निकाल हवाय."

"अहो, एक पैसा मिळणार नाही कदाचित."

"नाही तर नाही. पण आधार होता की नव्हता, काय ते न्यायाधिकारी बाईंना लिहू दे."

जूनमध्ये निकाल आला. माझा ताशी दर कापला होता, प्रवासाचे तास निम्मे केले होते. हाती साठ टक्केही पडत नव्हते. मी मोठ्यांदा शिव्या घातल्या आणि कागद घेऊन वर्नाकडे गेले. ती ओसरीवर बसली होती. मी वाचून दाखवलं: "दावा सिद्ध झाला नाही. तथापि अर्जदार आणि तिच्या शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितलेली हकिगत हा पुरावाच आहे. दावा प्रामाणिकपणे केला होता आणि त्याला पुरेसा आधार होता."

वर्नाने कागद माझ्या हातून घेऊन तेवढ्याच ओळी पुन्हा वाचल्या. तिचे डोळे भरले होते, माझेही.

"तुझे किती कापले?"

मी आकडा सांगितला.

"पोरी, भाडं निघेल?"

"अर्धं निघेल. बाकीचं बघते."

"हं." तिने दुखरा खांदा चोळला. "या वर्षीही लस घेणार आहे मी. दुसऱ्या हातावर. तोही गेला तर येतेच तुझ्याकडे."

"ये," मी म्हटलं. "पण या खेपेला डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशी जा, हट्टी बाई!"

"रस सुटलेला नसला तर जाईन," वर्ना म्हणाली.