बारा फूट अकरा इंच

मास्तरांनी शाळेत कधी कुणाला शिकवलं नव्हतं. ते ट्रक चालवायचे, आणि गुडघे बोलायला लागल्यावर मालकांनी त्यांना यार्डात गाड्या तपासायच्या कामाला लावलं. पण काय तो रुबाब! हातात चौदा फुटी काठी, तिच्यावर इंचाइंचाला लाल रेघ, आणि बोलणं असं की समोरच्याला आपला गृहपाठ राहिलाय असंच वाटावं. मग मास्तर नाही तर काय म्हणणार?

त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माल भरून झाला की मास्तर काठी लावून गाडीची उंची मोजणार, काचेच्या वर पांढऱ्या रंगाने आकडा लिहिणार, आणि ड्रायव्हरने फाटकावर तो आकडा खणखणीत ओरडल्याशिवाय आडवा दांडा वर जाणार नाही. ज्याची गाडी पुलाला लागली त्याचं स्टिअरिंग गेलं, ते कायमचं. "स्वतःच्या गाडीची उंची माहीत नाही, तो कसला आलाय ड्रायव्हर?" हे दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं.

दांडा उचलायला होता छप्पर. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. नऊ वर्षांपूर्वी तोही ड्रायव्हर होता, आणि चांगला होता. एका दुपारी कालव्याजवळच्या रेल्वेपुलाला त्याची गाडी घासली आणि वरचा पत्रा सगळा सोलून निघाला. स्टिअरिंग गेलं, फाटक मिळालं. तेव्हापासून तो इतरांचे आकडे ऐकत उभा होता, आणि मास्तर दिसले की नमस्कारही करत होता.

मास्तरांच्या मुलीने आपल्या पसंतीचा मुलगा घरी आणला, तेव्हा 'बसा' म्हणायच्या आधी मास्तरांनी त्याला गाडीची उंची विचारली. मुलगा याच यार्डातला ड्रायव्हर. "बारा फूट अकरा इंच," तो उभ्या उभ्या म्हणाला, आणि लग्न ठरलं. मुलीने कपाळाला हात लावला तो वेगळाच.

तर हा बारा फूट अकरा इंचवाला जावई एका मंगळवारी दुपारी त्याच रेल्वेपुलाखाली अडकला.

यार्डात बातमी आली आणि सगळ्यांना एकाएकी मास्तरांच्या आसपासच काम निघालं. मास्तर लालबुंद झाले होते. काठी जीपला बांधून निघणार, तेवढ्यात मुलीचा फोन.

"बाबा, तिथे जाऊन त्यांना वाटेल ते बोलू नका. आधी मोजा, मग बोला. माझी शपथ आहे."

"नाती घरी! यार्डात फक्त गाडी."

"मी सोडा कुठे म्हणतेय? मोजा म्हणतेय. त्यांना गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही येत नाही, बाबा. तेच काढून घेतलंत तर माणूस आतून संपेल हो."

'मोजतो' म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. पण नियम म्हणजे नियम, असं ते जीपमध्ये स्वतःलाच वाटभर बजावत राहिले.

पुलावर पाटी ठसठशीत होती: तेरा फूट. ट्रक अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि मागे प्रवाशांनी गच्च भरलेली एक बस खोळंबलेली. जावई पुलाच्या भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पार उतरलेला.

"बाबा, सकाळी माल भरून याच पुलाखालून गेलो. आता रिकामा परत येतोय. गाडी तीच, पूल तोच."

"मग काय जावईबापू, दुपारी पूल वाकला का खाली?"

हे आपण पूर्वीही कधीतरी कुणाला म्हटलंय, असं मास्तरांना पुसटसं वाटलं. पण राग मोठा होता आणि शपथ घातलेली होती. त्यांनी गाडीच्या मागच्या टोकाला काठी लावली.

तेरा फूट दोन इंच.

पुन्हा लावली. तेरा-दोन. चष्मा पुसून तिसऱ्यांदा. काचेवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, बारा-अकरा.

"काका, किती वेळा मोजाल?" बसच्या दारातून कंडक्टरबाई ओरडल्या. "रिकामी गाडी आहे, वर उचलली जाणारच. आमची बस रिकामी असली की पायरी चढताना म्हाताऱ्यांना देव आठवतो. भरली की पायरी येते खाली."

"बाई, तीस वर्षं ट्रक चालवलाय मी."

"तीस वर्षं वर बसलात, काका. मी दारात उभी असते."

आणि या बाईंनी मास्तरांच्या परवानगीची वाट न बघता बसमधले पन्नास-साठ प्रवासी ट्रकच्या मागच्या भागात चढवले. "सरका पुढे, आत जागा आहे!" सवयीने ओरडल्यासुद्धा. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले, गाडी दबली, आणि जावयाने ती अलगद मागे घेतली. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर काठी धरून उभे होते, आणि तिचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

यार्डात आल्यावर त्यांनी मालकांसमोर दुसरी एक गाडी भरलेली मोजली, मग रिकामी करून मोजली. तीन इंचांचा फरक. तपासाच्या कागदावर 'चूक कोणाची' असा रकाना होता, आणि चौदा वर्षं तिथे ते न बघता 'चालकाची' लिहीत आले होते. त्या दिवशी त्यांनी 'माप घेणाऱ्याची' असं लिहिलं. जावयाचं स्टिअरिंग वाचलं.

"मास्तर, याला मोठं मन लागतं हो," मालक म्हणाले. मुलगी फोनवर रडली. सासरा असावा तर असा, असं यार्डात जो तो म्हणू लागला, आणि मास्तरांनाही ते हळूहळू पटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या उत्साहात फाटकावर आले. "ऐकलंस का छप्पर, रिकामी गाडी उंच होते! आता प्रत्येक काचेवर दोन आकडे लिहिणार आहे मी."

छप्परने नेहमीसारखा नमस्कार केला. "चांगलं आहे, मास्तर. मीपण रिकामाच येत होतो. सकाळी भरून गेलो होतो त्याच पुलाखालून."

"हे बोलला नाहीस तू कधी."

"बोललो होतो. तुम्ही विचारलंत, दुपारी पूल वाकला का खाली? सगळं यार्ड हसलं. मीपण हसलो."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, मग तेव्हा मोजा म्हणायचं ना."

"म्हटलं होतं." छप्पर दांड्याच्या दोरीची गाठ सोडत म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "माझं एवढंच चुकलं, मास्तर. मी तुमचा जावई नव्हतो."

मागून हॉर्न वाजला. दुसरी गाडी घेऊन जावई फाटकावर आला होता, माल भरून. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून खणखणीत आवाजात आकडा ओरडला. छप्परने तो नीट ऐकून घेतला, नियमाप्रमाणे दांडा उचलला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो वर धरून ठेवला.