मुळाक्षरांचा तक्ता फिनलंडला जाऊन आला

मी कसबा पेठेतल्या एका शाळेतला, पहिलीच्या वर्गाचा मुळाक्षरांचा जुना तक्ता आहे. मित्रांनो, क कमळाचा, घ घड्याळाचा, ध धनुष्याचा, ह हत्तीचा, ही सगळी मंडळी माझ्याच अंगावर राहतात. छापखान्यातून आलो तेव्हा माझा हत्ती इतका तुकतुकीत होता की मुले त्याला हात लावून पाहत. कौशल्याबाई छडीने एकेक अक्षर दाखवत आणि चाळीस पोरे एका सुरात ओरडत. त्या गोंगाटाची मला चटकच लागली.

दुखणे एकच होते. निवडणूक आली की आमच्या वर्गात मतदान केंद्र होई. पक्षांची चिन्हे मतदारांच्या नजरेस पडू नयेत म्हणून माझ्यावर खळीने वर्तमानपत्रे चिकटवत. नंतर ती ओरबाडून काढताना एकदा कमळाची पाकळी गेली, एकदा घड्याळाचा काटा. बाई रंगपेटी आणून माझी डागडुजी करत.

पुढे वर्गात मोठा पडदा आला आणि मी कपाटावर गेलो. निवृत्तीनंतर बाई फिनलंडमधल्या मराठी मुलांना शिकवायला निघाल्या, तेव्हा शाळेला विचारून त्यांनी मला गुंडाळून बरोबर नेले. विमानात बसलेला आमच्या खानदानातला मी पहिलाच. तिथे दर शनिवारी अकरा मुले येत. दहा बोलू लागली. सात वर्षांची अपेक्षा मात्र दोन वर्षे नुसती माझ्याकडे बघत बसली. तिला सगळे समजे, पण उत्तर तिकडच्या भाषेत. पुण्याच्या आजीशी फोनवर ती फक्त हसे. बाई म्हणत, "माझ्याच शिकवण्यात काहीतरी कमी पडतंय." मला फार वाईट वाटे.

लोकसभेची निवडणूक आली. बाई मतदानासाठी मला घेऊन पुण्याला परतल्या आणि त्यांनी मला शाळेत पुन्हा माझ्या खिळ्यावर टांगले. मामाच्या लग्नासाठी अपेक्षाही पुण्यात आली होती. मतदानाच्या आदल्या दुपारी बाई तिला आपला वर्ग दाखवायला घेऊन आल्या, तर मतदान अधिकारी उत्तरेश्वर साहेब खळीची वाटी घेऊन माझ्यासमोर उभे.

"बाई, उमेदवारांपेक्षा जास्त चिन्हं तुमच्या तक्त्यावर आहेत," ते म्हणाले. "झाकावी लागतील."

"झाका, नियमच आहे. पण खळीनं फाटेल हो तो. जुना झालाय."

"मग काय करू? हत्तीला बाहेर बसवू?"

ब्रश माझ्या कमळापाशी आला. मी श्वास रोखला. तेवढ्यात खालून आवाज आला.

"अहो काका, चिकटवू नका ना. उलटा लावा."

साहेबांनी ब्रश वाटीत ठेवला. "हे इतक्या वर्षांत कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही?"

बाई खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "अपेक्षा, परत म्हण बघू."

तिने परत म्हटले, आणि वर "हत्तीला लागेल" अशी भर घातली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून होतो. मतदान काही दिसले नाही, पण ऐकू सगळे येत होते. अपेक्षा आजीबरोबर आली होती आणि हा तक्ता आमचा आहे, तो विमानात बसला होता, असे रांगेतल्या प्रत्येकाला मराठीत सांगत होती. शेवटी आजी म्हणाल्या, "अगं, मध्ये श्वास तरी घे." मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तू झाकायच्या तर खुशाल झाका, पण जपून. आणि एखादे मूल गप्प असेल तर त्याला वेळ द्या. ते ऐकत असते. मी दोन वर्षे त्याच्या समोर होतो, मला माहीत आहे.