पिंजऱ्याला दार असतं

अखेर मंगळवारी सकाळी वनखात्याच्या पिंजऱ्यात कुसाबाई सापडली.

पण असं काही घडलेलं नाही. खात्याच्या कागदावर पिंजरा त्या दिवशी रिकामाच होता, आणि कागदापुढे कुणाचं चालतं? तेव्हा जे घडलंच नाही ते पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

निफाडच्या अलीकडे, उसाच्या कडेला कुसाबाईचं छप्पर होतं. कुडाच्या भिंती होत्या, वर पत्रा होता, दार मात्र नव्हतं. दाराच्या जागी खताच्या गोणीचा पडदा. घरकुलाच्या यादीत तिचं नाव सात वर्षं 'लागत' होतं. शेवटी तिने घराचा हट्ट सोडला आणि नुसतं दार मागितलं.

"मावशी, नुसत्या दाराची योजना नाय," सरपंच सोमनाथ म्हणाला. "दारासाठी आधी घर पाहिजे."

त्यात उसात बिबट्या आला. वस्तीवरची दोन कुत्री गेली. ग्रामपंचायतीने शुक्रवारी अर्ज केला आणि शनिवारी ट्रॅक्टरवरून पिंजरा हजर.

"बिबट्याचं नाव यादीत कवा लागलं?" कुसाबाईने विचारलं.

वनरक्षक हर्षाली नोकरीत नवी होती, म्हणून तिने या प्रश्नाचा खरोखर विचार केला. मग आमिष म्हणून कुसाबाईचीच शेळी मागितली. पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला शेळीसाठी जाळीचा वेगळा कप्पा होता.

"काळजी करू नका मावशी. बिबट्या आत आला तरी शेळीला नख लागणार नाही. दुहेरी जाळी आहे."

"शेळीला सवती खोली," कुसाबाई शेजारच्या लंकाबाईला म्हणाली, "अन् मला गोणी."

"मग तू बी बें बें कर की," लंकाबाई म्हणाली.

दोन दिवस कुसाबाई पिंजऱ्याकडे बघत राहिली. लोखंडी गज, जाड पत्रा, वरून खाली येणारं भक्कम दार. सोमवारी दिवस मावळायला तिने गोधडी काखेत मारली, आत शिरली आणि फळीवर पाय दिला. खाडकन दार पडलं. शेळीशी जरा बोलून ती आडवी झाली, ती थेट उजाडल्यावर उठली. सात वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

सकाळी अख्खी वस्ती जमली. हर्षाली धापा टाकत आली.

"मावशी, बाहेर या! पिंजरा बिबट्यासाठी आहे!"

"मग आला का तो?"

"तुम्ही आत असल्यावर तो कसा येईल?"

"तेच तर पाहिजे."

हर्षालीने दार वर ओढलं. कुसाबाईने आतून खाली ओढलं. तेवढ्यात लंकाबाई कुसाबाईच्या छपरात तवा मागायला, म्हणजे न विचारता घ्यायला, गेली आणि तव्याशिवाय, पण फार वेगाने परत आली. गोणीच्या पडद्यामागे, चुलीशेजारी, बिबट्याची मादी व्याली होती. तीन पिल्लं. डोळेसुद्धा उघडले नव्हते.

हर्षालीने फोन लावला. हुकूम आला: पिल्लांना हात लावायचा नाही, आई स्वतः हलवेपर्यंत शंभर पावलांच्या आत कुणी फिरकायचं नाही. दुपारपर्यंत छपराभोवती दोरी आली, कॅमेरा आला, पाण्याची टाकी आली, दोन पहारेकरी आले. तालुक्याचे साहेब दुर्बिणीतून कुसाबाईची चूल बघत होते.

"बेशुद्ध करून न्या ना तिला, मॅडम," सोमनाथ कुजबुजला.

"गप रे!" कुसाबाई गजांतून ओरडली. "ओल्या बाळंतिणीला हलवत्यात का कुठं? राहू दे तिला. पण मी कुठं जाऊ?"

हर्षालीने पुन्हा फोन लावला. वरून कळलं की सोय फक्त वन्यप्राण्यांची आहे, माणसांचं खातं वेगळं.

तिने दुचाकीच्या सीटवर कागद ठेवला. "सांगा मावशी, मी लिहिते. साहेब वाचतीलच असं नाही."

कुसाबाई आतून सांगत गेली, हर्षाली ते सरकारी करत गेली:

"अर्जदाराच्या राहत्या छपरात बिबट्याची मादी प्रसूत झाली असून त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. सदर मादीस अर्ज न करता एका दिवसात पाणी, पहारा व एकांत मिळाला आहे. तरी अर्जदारास दाराची सोय होईपर्यंत बिबट्या समजण्यात यावे, ही नम्र विनंती."