मावशींचं चहापाणी

"राहू द्या काका. आज नको."

एवढं बोलून वॉर्डातल्या मावशी बादली उचलून पुढच्या खाटेकडे वळल्या, आणि तपासनीस नोट पुढे धरून तसेच उभे राहिले. आजवर त्यांनी फार थोड्यांना वरचे पैसे दिले होते, आणि दिलेले नाकारणारा माणूस तर त्यांना अजून भेटायचाच होता. त्यांनी नोट उजेडाकडे धरून पाहिली. फाटकी नव्हती, खोटीही नव्हती. मग ती खिशात घालून ते बायकोच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. बायकोचा डोळा लागला होता. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना.

तपासनीस म्हणजे वीज खात्यातले निवृत्त मीटर तपासनीस. लोकांच्या जिन्याखाली वाकायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि सीलची तार कोणी चाळवली आहे का ते बघायचं, यात त्यांची उभी नोकरी गेली. ज्या घरात पाय टाकल्या टाकल्या चहा विचारत, तिथलं मीटर ते दोनदा तपासत. न मागता गोड बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच, असा त्यांचा अनुभव. निवृत्तीनंतर मीटरं सुटली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी ते घरी येऊन जुडी सोडून बघत.

टीप देण्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. पगार मिळतो ना? मग वर आणखी कशाला? आणि द्यायचेच तर काम झाल्यावर, तेही काम पगारापेक्षा जास्त झालं असेल तर. हॉटेलात बिलाच्या बशीत नाणं टाकायची वेळ आलीच, तर दारात थांबून ते हमखास मागे वळून बघत. नाणं वेटर उचलतो की गल्ल्यावरचा मालक, याची खात्री झाल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे. बायकोचं सगळं उलटं. न्हावी, टपालवाला, सिलिंडर वर चढवणारा, जो दिसेल त्याच्या मुठीत ती काहीतरी कोंबायची.

"तुमच्या खिशाला टाके घातलेत का हो?" ती विचारायची.

"आणि तुझ्या हाताला भोक पडलंय," ते म्हणायचे. या दोन वाक्यांवर त्यांचा संसार झाला म्हटलं तरी चालेल.

तेव्हा इथेही मावशींना पैसे द्यायचे, हा बायकोचाच हुकूम होता. "ओळख ना पाळख, माझं सगळं करतात त्या. चहापाण्याला काहीतरी देत जा. आणि देताना तोंड वाकडं करू नका." सुरुवातीला मावशींनी घेतलेही. नोट न बघताच एप्रनच्या खिशात टाकायच्या, आणि किती आहेत हे न बघणारी बाई तपासनिसांना जरा जास्तच हुशार वाटायची. आता मात्र लागोपाठ दोन दिवस "राहू द्या" चाललं होतं.

पहिला संशय सरळ होता. आता थोडे थोडे नाकारायचे आणि शेवटी एकदम मोठा हात मारायचा. तपासनिसांनी मुद्दाम मोठी नोट काढून पाहिली. मावशींनी हात जोडले. "नका ना, काका."

म्हणजे दुसरीकडून काहीतरी निघत असणार. त्यांनी खाटेजवळच्या लॉकरच्या कडीला बारीक धागा गुंडाळला, अगदी कोणाला दिसणार नाही असा. दुसऱ्या दिवशी धागा जसाच्या तसा होता आणि आतली मोसंबी सुकत चालली होती. खरं तर त्यांची थोडी निराशाच झाली. चोरी सापडली असती तर बरं वाटलं असतं, निदान कोडं सुटलं असतं.

मग त्यांनी मावशींवरच नजर ठेवली. खिडकीजवळ पाय मोडलेली एक जाडजूड बाई होती. तिच्या मुलाने नोट पुढे केली आणि मावशींनी ती झडप घालून घेतली. वर हसून म्हणाल्या, "घरी जाताना वेगळे हं, दादा. हे नुसते चहाचे." समोरच्या खाटेवर घशाचं ऑपरेशन झालेली मुलगी होती, तिच्या बापाकडूनही घेतले. दाराजवळ मात्र एक वाळलेली म्हातारी होती. तिचा भाऊ पैसे द्यायला गेला, तर मावशी खाली बघत म्हणाल्या, "राहू द्या."

एक दिवस गेला. नंतरच्या सकाळी तपासनीस वॉर्डात शिरले तेव्हा दाराजवळच्या खाटेवर धुतलेली चादर ताणून घातलेली होती. उशी अशी फुगलेली, जणू तिच्यावर कधी कोणी डोकं टेकलंच नव्हतं.

तपासनीस तिथेच थांबले. डॉक्टर रोज "बघू" म्हणत होते. नर्स "रिपोर्ट येऊ द्या" म्हणत होती. मावशी काहीच म्हणत नव्हत्या, फक्त पैसे घेत नव्हत्या. दिवसभर अंग पुसणाऱ्या, कूस वळवणाऱ्या त्या बाईच्या हातांना सगळं आधी कळत होतं. तपासनिसांना भीती वाटली, अंधारात एकट्या सापडलेल्या पोराला वाटते तशी साधी भीती. त्या दिवशी त्यांनी घरून आणलेला डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"जेवलात का?" बायकोने विचारलं.

"हो, मघाशीच."

तिने स्टुलाखालच्या बंद डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मावशींना दिलेत?"

"दिले."

"घेतले त्यांनी?"

तपासनिसांनी कान टवकारले. इतक्या वर्षांत तिने "दिलेत का" असं हजारदा विचारलं असेल, "घेतले का" असं कधीच नाही. तिच्या खाटेवरून दाराजवळची खाट सरळ दिसत होती. म्हणजे हिनेही बघितलं. हिलाही कळलं.

"घेतले की. न घ्यायला काय झालं?" लोकांचं खोटं पकडण्यात हयात गेलेला तो माणूस स्वतः खोटं बोलताना मात्र लॉकरकडे बघत होता.

"मग उद्या माझ्यासमोर द्या," ती म्हणाली. "तुमच्या हातून पैसा सुटताना एकदा डोळ्यांनी बघू दे मला." आणि हसता हसता तिला खोकला आला.

संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या नळावर मावशी भांडी विसळत होत्या. तपासनीस त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. विनंती करायची सवय नसल्यामुळे त्यांचा आवाज हुकूम सोडल्यासारखा आला.

"उद्या तिच्यासमोर देणार आहे. घ्या."

"काका, मी का घेत नाही ते..."

"कळलंय मला. म्हणूनच सांगतोय."

मावशींनी नळ बंद केला. "घरी जाणाऱ्यांचे मी हक्काने घेते. मागून घेते. पण ज्यांचं तसं नसतं ना, त्यांचे पैसे अंगी लागत नाहीत. एकदा घेतले होते. त्या घरच्यांनी जाताना माझ्याकडे जे बघितलं ते अजून विसरले नाही."

"तिला तुमची पद्धत कळलीय," तपासनीस म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज हुकमासारखा राहिला नाही. "ती बघत असते. एकदा घ्या, मावशी. तिला वाटू दे की घरी जाणार आहे."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात काहीतरी होतं, जरासं हसू म्हणावं असं. "बरं," त्या म्हणाल्या, "घेते."

आढेवेढे न घेता त्या तयार झाल्या तरी कशा, हा संशय तपासनिसांना जिना उतरेपर्यंत पुरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी नोट पुढे केली. बायको उशीला टेकून बसली होती. मावशींनी नोट घेतली, उलटसुलट केली आणि नाक मुरडलं.

"एवढेच? दात कोरून पोट भरतं का, काका?"

ठरल्यात हे नव्हतं. तपासनीस उसळले. "पगार मिळतो ना तुम्हाला?"

"मिळतो की. पण तुमच्या बाईंना घरी धाडायचं काम पगारात बसत नाही."

"धाडा आधी. मग बघू. काम झाल्याशिवाय मी कोणाला पै देत नाही."

"ऐका! खिशाला टाके घातलेत जणू," मावशी वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. पाय मोडलेली बाई हसली, घशाची मुलगी हसली, आणि तपासनिसांची बायको तर पदराने डोळे पुसायला लागली. चिडून लाल झालेल्या तपासनिसांनी आणखी एक नोट काढली. मावशींनी दोन्ही घडी करून एप्रनच्या खिशात टाकल्या.

"घेतले हो," बायको म्हणाली. "आता बसा आणि डबा उघडा. मीही दोन घास खाते."

ती खरंच दोन घास जेवली. तपासनिसांनी डबा संपवला. आपण तिला फसवलं, हे त्यांना आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम वाटत होतं.

त्याच आठवड्यात ती गेली.

सामान न्यायला ते वॉर्डात आले, तेव्हा मावशींनी पिशवी भरून ठेवली होती. चष्मा, पेला, कंगवा. लॉकरच्या कडीला अजून धागा होता. तो त्यांनी हळूच सोडवून खिशात टाकला. मावशींनी एप्रनमधून त्या दोन नोटा काढून पुढे धरल्या.

"खर्च झाल्या नाहीत माझ्याच्याने. आणि एक सांगायचं राहिलंय, काका. तुम्ही नळावर आलात ना, त्याआधीच बाई माझ्याशी बोलल्या होत्या."

"काय बोलली?"

"म्हणाल्या, 'मावशी, हे तुम्हाला विचारायला येतील, तेव्हा घ्या. तुम्ही घेत नाही म्हणून यांनी जेवण सोडलंय. आणि नुसते घेऊ नका, जरा घासाघीस करा, नाहीतर यांना संशय येईल.'" मावशींनी दुसऱ्या हाताने पिशवीतला चष्मा नीट ठेवला. "ते खिशाला टाके त्यांनीच शिकवलेलं."

तिला सगळं ठाऊक होतं. तो खेळ तिच्यासाठी नव्हताच, त्यांच्यासाठी होता. साऱ्या गावाच्या तारा तपासणाऱ्या त्यांना स्वतःच्या बायकोची लबाडी शेवटपर्यंत पकडता आली नाही.

मावशींचा हात अजून पुढेच होता. तपासनिसांनी त्यांची बोटं त्या नोटांवर मिटवली.

"ठेवा," ते म्हणाले. "काम पगारापेक्षा जास्त झालंय."

मग पिशवी उचलून ते दाराकडे निघाले. दारात सवयीने त्यांचा पाय थबकला. पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.